तीन लुगड्यांची गोधडी

महाड,
१० डिसेंबर २०२४

सौ. सारिका यांस,
जयभीम.

दुकानदाराला पत्र कसं लिहायचं हे मला माहीत नाही. पण माझा इलाज नाही. मी बत्तीस वर्षं एमआयडीसीत बॉयलरवर होतो आणि कान तिथेच ठेवून आलो. फोन वाजलेला मला कळत नाही. कुणी उचलून हातात दिलाच तर पलीकडचा माणूस ओरडून ओरडून दमतो. तेव्हा जे काय असेल ते कागदावर लिहून कळवावे, फोन करू नये.

माझी पुतणी साक्षी दिवाळीला पुण्याहून आली होती. तिने मोबाइलवर तुमचं दुकान दाखवलं. ‘तुमच्या साड्या द्या, गोधडी शिवून देऊ’ असं तिथे लिहिलं आहे. तिने तिथल्या तिथे ऑर्डर टाकली, पैसेही भरले आणि परत गेली. सोबत तीन लुगडी पाठवतो आहे. एक हिरवं, एक किरमिजी, एक पांढरं काळ्या काठाचं. ही माझ्या सासूबाईंची. त्या नाते गावच्या. जाऊन अकरा वर्षं झाली.

गोधडी माझ्या बायकोला हवी आहे. तिचं नाव सोनाबाई. दोन वर्षं आजारी आहे, आणि दिवाळीपासून अंथरुणातून उठलेली नाही. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, त्याचा अर्थ तुम्हाला कळेल. तिला थंडी वाजते. दोन ब्लँकेटं आणि एक रग घातला तरी वाजते. आईच्या लुगड्यांची गोधडी असेल तर थंडी जाईल, असं तिने डोक्यात घेतलं आहे.

टाके बारीक घाला असं ती सांगते. मी म्हणतो, लवकर घाला.

नागसेन साळवी


वरची वाडी, पोलादपूर,
३ जानेवारी २०२५

नागसेन काका,
नमस्कार.

काका म्हटलं तर चालेल ना? ॲपवर ‘डिअर कस्टमर’ लिहायला सांगतात, ते माझ्याच्यानं होईना.

गोधडी झाली! काल दुपारी पार्सल दिलं. उशीर झाला, त्याबद्दल रागावू नका. लुगडी जुनी, कापड विरलेलं, मशीनवर घातलं असतं तर फाटलं असतं, म्हणून सगळी हातानं शिवली. मला हे काम माझ्या सासूबाईंनी, आवडीबाईंनी शिकवलं. त्यांचा एक नियम आहे, लुगड्याचा काठ कापायचा नाही. काठ कापला तर लुगडं कुणाचं ते ओळखू येत नाही, असं त्या म्हणतात. म्हणून तिन्ही लुगड्यांचे काठ कडेनं तसेच ठेवलेत. काकींनी डोळे मिटून नुसता हात फिरवला तरी त्यांना कळेल कुठलं लुगडं कुठं आहे. आत काकींसाठी एक चिठ्ठी पण टाकली आहे.

तुमची ऑर्डर माझी नववी. दुकान माझ्या नवऱ्यानं, विनीतनं, काढून दिलं. तो मुंबईला मॉलमध्ये आहे. वाडीत रेंज नाही, ऑर्डर आली का बघायला मी रोज टेपाडावर चढते, तेवढाच व्यायाम. कुरिअरवाला वाडीपर्यंत येत नाही. खाली फाट्यावर हैबतीदादांची चहाची टपरी आहे, तिथं पार्सल द्यायचं आणि तिथंच घ्यायचं. वाडीतला जो कुणी वर येत असेल तो सगळ्यांचं सामान घेऊन येतो.

खरं सांगू का, पोलादपूरहून महाड म्हणजे बसनं अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. मी विनीतला म्हटलं, मीच नेऊन देते, काकींना बघून पण येईन. तो फोनवर ओरडलाच. “पागल झाली काय? सिस्टिमच्या बाहेर डिलिव्हरी दिली तर अकाउंट ब्लॉक करतात. रूल म्हणजे रूल.” नवीन दुकान, भीती वाटते. म्हणून कुरिअरनंच पाठवली. चार दिवसांत पोचेल असं दाखवतंय.

काकींना माझा नमस्कार सांगा.

सारिका


महाड,
१६ जानेवारी २०२५

सौ. सारिका यांस,

गोधडी आली नाही. पैसे आले.

मी पैसे मागितले नव्हते. साक्षीने पुण्याहून शेजाऱ्यांना फोन करून निरोप दिला, तो त्यांनी मला कागदावर लिहून दाखवला. तिच्या मोबाइलवर दिसतं ते असं : ‘ग्राहकाने फोन उचलला नाही’, तीन वेळा. मग ‘ग्राहकाने पार्सल नाकारले’. मग ‘पैसे परत केले’.

मी नाकारलं? सात तारखेपासून नऊ तारखेपर्यंत मी दारात खुर्ची टाकून बसलो होतो. भाजीला गेलो नाही. औषधं शेजारच्यांकडून मागवली. कुणी दारात आलं नाही. तो गृहस्थ नाक्यावर गाडी लावून फोन करत असणार आणि मला काय ऐकू येणार, कपाळ! मला ऐकू येत नाही हे मी पहिल्याच पत्रात पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं. आमच्या बॉयलरवर पाटी वाचून न घेणाऱ्याला आम्ही त्याच दिवशी घरी पाठवत असू.

पैसे मी परत पाठवायला तयार आहे. कुठे पाठवू ते कळवा. माझ्या सासूबाईंची लुगडी कुठे आहेत तेही कळवा.

नागसेन साळवी


वरची वाडी,
२१ जानेवारी २०२५

काका,

तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग चिडले, मग पुन्हा रडले. आवडीबाई म्हणाल्या, आता पत्र भिजवू नको, उत्तर लिही.

चूक माझीच आहे. पण ऐका. पार्सल भरताना मोबाइलवर सगळं विचारतात. पिनकोड विचारतात, जवळची खूण विचारतात, लिफ्ट आहे का ते पण विचारतात. माणसाला ऐकू येत नाही हे लिहायला जागाच नाही. मी ‘जवळची खूण’च्या रकान्यात लिहिलं होतं, ‘चवदार तळ्याजवळ, फोन करू नका, दार वाजवा, काकांना ऐकू येत नाही’. आता बघितलं तर तिथं फक्त ‘चवदार तळ्याजवळ, फोन क’ एवढंच छापलंय. पुढचं कापलं गेलं. म्हणजे मीच त्यांना फोन करायला सांगितल्यासारखं झालं.

दुसरं ऐकून तुम्ही हसाल नाहीतर कपाळावर हात माराल. आमच्या फाट्यावरून गोधडी आधी भिवंडीला गेली! तिथून महाडला आली. आता तुमच्याकडून परत भिवंडीला निघाली आहे. तिथून माझ्याकडे येईल. मी विनीतला विचारलं, पोलादपूरहून महाडला जायला भिवंडी कशाला लागते रे? तर म्हणे, हब असतो. हबाचं तळपट होवो.

तुम्ही पैसे पाठवू नका. गोधडी माझ्या हातात आली की त्याच दिवशी बस पकडून मी स्वतः येते. सिस्टिम गेली चुलीत. अकाउंट ब्लॉक झालं तर होऊ दे.

काकींना सांगा, आठ दिवस कळ काढा.

सारिका


महाड,
२७ जानेवारी २०२५

चि. सारिका,
जयभीम.

मागचं पत्र रागात लिहिलं. सोनाने वाचायला मागितलं आणि मला फाडून खाल्लं. “पोरीला असं लिहितात? ती बिचारी डोंगरावर बसून टाके घालते आणि तुम्ही तिला बॉयलरची पाटी शिकवताय.” तिच्यात बोलायचं बळ नाही, पण माझ्यावर ओरडायचं बळ कुठून येतं कोण जाणे. मला ऐकू येत नाही, पण चाळीस वर्षांत तिचे ओठ वाचायला शिकलोय. माझी त्यातून सुटका नाही.

रोज सकाळी डोळे उघडले की ती दाराकडे बघते आणि विचारते, “आली का?” मी मान हलवतो. मग ती पुन्हा डोळे मिटते. एवढंच आमचं सध्याचं बोलणं.

काल तिने विचारलं, पोरीचं लग्न झालंय का, मुलं आहेत का. मला कुठे माहीत? पुढच्या पत्रात लिही, म्हणजे तिला वाचून दाखवीन.

गोधडी कधी येते ते कळव. घाई करतो असं समजू नकोस. पण घाई आहे.

नागसेन काका


वरची वाडी,
७ फेब्रुवारी २०२५

काका,

कसं लिहू कळत नाही. ॲपवर दाखवतंय, ‘पार्सल विक्रेत्याला परत मिळाले, ३० जानेवारी’. खाली पोच म्हणून अंगठ्याचा फोटो आहे. तो अंगठा माझा नाही. मी सही करते. गोधडी माझ्याकडे आलेलीच नाही.

त्या दिवशी हैबतीदादा भाचीच्या लग्नाला गेले होते, टपरीवर कोण होतं ते त्यांना सांगता येत नाही. कुरिअरवाला नवीन होता, त्याची दुसरीकडे बदली झाली. मी तीन दिवस टेपाडावर बसून कस्टमर केअरला फोन लावला. एक बाई हिंदीत सांगते, “आपका पार्सल डिलिव्हर हो चुका है.” मी म्हटलं, माझ्या हातात नाही हो बाई. ती म्हणते, “आपकी शिकायत बंद कर दी गई है.” आणि वर विचारते, सेवा कशी वाटली, एक ते पाच आकडा दाबा. मी फोनच आपटला.

वाडीत अंगठा देणाऱ्या जुन्या माणसांच्या सहा घरी जाऊन विचारून आले. कुणी नाही म्हणतं. पण वाडी आहे, पार्सल वाडीतच कुठेतरी आहे, माझं मन सांगतंय.

काका, तोवर एक करू का? काकींच्या आईंचं दुसरं काही कापड असेल, चोळी, ओढणं, काहीही, तर पाठवा. किंवा काकींच्याच साड्या. मी दिवसरात्र बसून चार दिवसांत शिवते. पैसे नकोत.

काकींना सांगा, लग्न झालंय, पाच वर्षं झाली. मूल नाही. एक राहिलं होतं, पण टिकलं नाही.

सारिका


महाड,
१२ फेब्रुवारी २०२५

चि. सारिका,

तुझं पत्र सोनाला वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीवर तिने मला थांबवलं आणि पुन्हा वाचा म्हणाली. मग म्हणाली, “तिला लिहा, माझं पण पहिलं टिकलं नव्हतं. आणि पुढे झालंच नाही. पण दिवस जातात.”

दुसरं कापड नाही. माझ्या सासूबाईंकडे आयुष्यात मिळून तीनच चांगली लुगडी होती. हिरवं सोनाच्या लग्नातलं. किरमिजी भावाने दिलेलं. पांढरं त्या दरवर्षी मार्चच्या वीस तारखेलाच नेसायच्या. नात्याहून पायी यायच्या, तळ्यावर जायच्या, ओंजळभर पाणी प्यायच्या आणि संध्याकाळी आमच्याकडे उतरायच्या. सोना लहान असताना शेतावरच्या खोपटात त्या तिला आपल्याच लुगड्यात गुंडाळून निजवायच्या, कारण पांघरूण नव्हतंच. म्हातारी गेली तेव्हा सोनाने दुसरं काहीही घेतलं नाही, ही तीन लुगडी आणली आणि पेटीत ठेवली. मी म्हणायचो, नेसत तरी जा. ती म्हणायची, नेसली तर फाटतील.

तेव्हा दुसरी गोधडी नको. तू मनाने चांगली आहेस, पण दुसऱ्या कापडाने हे भागणार नाही.

आणि आता उघडच लिहितो. दिवस थोडे आहेत. काल तिने पेज घेतली नाही. वाडीत कुणाकडे असेल तर शोध, पोरी. पाया पडतो.

नागसेन काका


वरची वाडी,
२५ फेब्रुवारी २०२५

काका,

हे पत्र वाचून तुम्ही मला शिव्या द्याल. द्या.

गोधडी सापडली आहे. आज नाही, चौदा तारखेलाच सापडली. अकरा दिवस मी तुमच्यापासून लपवून ठेवलं.

वाडीच्या टोकाला भिकूबाबा म्हणून एक म्हातारा राहतो. एकटाच. बायको गेली. मुलगा भरत सहा वर्षांपूर्वी मुंबईला गेला, पहिल्या वर्षी शिमग्याला आला, त्यानंतर ना फोन ना निरोप. कुणी म्हणतं त्यानं तिकडेच संसार थाटला, कुणी आणखी काही म्हणतं. म्हातारा मात्र रोज फाट्यावर उतरतो आणि हैबतीदादांना विचारतो, “भरतचं काय आलं काय रं?” लोक हसायचे, आता हसत पण नाहीत. अंगठा शोधत मी सहा घरं हिंडले, पण त्यांच्या घरी गेलेच नाही. त्यांना पार्सल कोण धाडणार, असंच माझ्या मनात आलं.

चौदा तारखेला मी त्या वाटेनं जात होते. त्यांच्या अंगणाच्या दगडी गडग्यावर उन्हात गोधडी घातलेली. हिरवा काठ लांबून ओळखला मी. तेवढ्यात ते बाहेर आले. इतके खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

“ये गो सारके, ये! बघ भरतनं काय धाडलान! मुंबईवरनं पार्सल आलं. तो कुरिअरवाला म्हनला, वाडीचं हाय, घ्या बाबा. मी अंगठा दिला. लय उबारा हाय गो हिला. कवा नाय ते यंदा झोप लागली.”

ते आत गेले आणि चिठ्ठी घेऊन आले. मी काकींसाठी टाकलेली चिठ्ठी. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवली होती.

“कुनाकडं वाचाय न्यावी म्हनत व्हतो. सगळी मेली चेष्टा करत्यात. तू शिकलेली हायस, वाच गो, काय लिवलान पोरानं.”

चिठ्ठीत होतं, ‘काकी, तिन्ही काठ जसेच्या तसे ठेवलेत. ऊब लागली की मला आठवा. सारिका.’

काका, मी ते वाचलं नाही. मी वाचलं, “बाबा, तिकडं थंडी लय असंल. ही अंगावर घ्या. मी बरा हाय. शिमग्याला येतो.”

कसं तोंडातून निघालं मला माहीत नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून निघालं. शिमग्याचं तरी बोलायला नको होतं. आता ते घर सारवतायत. तांदूळ दळून आणलेत. वाडीभर सांगत फिरतायत, भरत येतोय. मी दिवसातून चार वेळा ठरवते की आज सांगायचं आणि त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत येते. पंधरा तारखेला तुमचं पत्र आलं, पाया पडतो लिहिलेलं. ते वाचून मी दोन दिवस जेवले नाही. तरी गेले नाही. अशी मी घाबरट.

वस्तू तुमची आहे. काकींची आहे. तुम्ही सांगाल ते करते. आण म्हणालात तर उद्याच्या उद्या त्यांच्या अंगावरून काढून आणते.

सारिका


महाड,
१ मार्च २०२५

चि. सारिका,

पत्र मिळालं. गोधडी त्या म्हाताऱ्याकडेच राहू दे. आता घाई नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस. तब्येतीला जप.

नागसेन काका


महाड,
९ मार्च २०२५

चि. सारिका,
जयभीम.

पाच तारखेला तू दारात उभी राहिलीस. मी तुला आधी कधी बघितलं नव्हतं, तरी ओळखलं. हातात पिशवी होती आणि पिशवीतून हिरवा काठ दिसत होता. तू आत बघितलंस. भिंतीवर सोनाचा फोटो, त्याला हार, समोर मेणबत्ती. मग तू खाली बसलीस. तुझे ओठ हलत होते, पण तू तोंड पदरात घातल्यामुळे मला काही वाचता आलं नाही. मला वाटतं तू काहीतरी विचारत होतीस. त्याचं उत्तर आता लिहितो.

सोना वीस फेब्रुवारीला सकाळी गेली. तू पत्र लिहिलंस पंचवीसला, ते मला मिळालं अठ्ठावीसला. वाचून मी रात्रभर विचार केला. मनात आलं, पोरीने धंदा नुकता सुरू केलाय. सोना गेली आणि गोधडी त्या वेळी पलीकडच्या डोंगरावर एका गडग्यावर वाळत होती, हे तिला कळलं तर ती आयुष्यभर सुई हातात धरणार नाही. म्हणून चार ओळी लिहिल्या. घाई नाही, एवढंच लिहिलं. तेवढं तरी खोटं नव्हतं. तू ते माझा राग म्हणून वाचशील आणि म्हाताऱ्याच्या अंगावरून गोधडी काढून आणशील, हे माझ्या डोक्यात आलं नाही. सरळ लिहायला हवं होतं. बत्तीस वर्षांत मी बॉयलरचा एक काटा कधी लपवला नाही, आणि हे लपवलं.

आणखी एक सांगतो, ते कुणालाही सांगितलेलं नाही. एकोणीसच्या रात्री तिने विचारलं, “आली का?” या वेळी मी मान हलवली नाही. हो म्हणालो. कपाटातली जुनी चादर काढली आणि तिच्या अंगावर घातली. तिला दिसत नव्हतं फारसं. वाटलं, फसेल. ती फसली नाही. हात बाहेर काढून चादरीच्या कडेवरून बोटं फिरवत राहिली. काठ शोधत होती, कारण तुझं काठांबद्दलचं पत्र मीच तिला वाचून दाखवलं होतं. पहाटेपर्यंत शोधत होती. मला थांबवता आलं नाही.

ती गोधडी मी ठेवून घेतली नाही, पिशवी तुझ्याच हातात परत दिली, याचा राग मानू नकोस. तिच्याकडे बघितलं की मला ती बोटं दिसतात.

आता माझं ऐक. पत्र मिळताच त्या भिकूबाबांकडे जा. त्यांना सांग, महाडच्या बहिऱ्या म्हाताऱ्याची चूक झाली, त्याची गोधडी वेगळीच होती, ही तुमचीच, भरतनेच पाठवलेली. माझ्या नावावर खपव. शिमग्याआधी जा. एक जण तरी उबेत झोपू दे.

नागसेन काका


वरची वाडी,
१७ मार्च २०२५

काका,
जयभीम.

तुमचं पत्र अकराला मिळालं. फेब्रुवारीच्या चौदा तारखेला गोधडी मला सापडली, पंधराला बसमध्ये बसले असते तर काकींना पाच दिवस मिळाले असते. हा हिशोब तुम्ही पत्रात मांडला नाहीत. मी मांडला. रोज मांडते.

चार मार्चला संध्याकाळी मी भिकूबाबांना सगळं खरं सांगितलं होतं. गोधडी कुणाची, चिठ्ठी कुणाची, आणि शिमग्याचं मी मनानं वाचलं होतं ते पण. मला वाटलं चिडतील, गोधडी फेकतील. गोधडीची घडी घातली, काठाला काठ लावून, नीट. चिठ्ठी वर ठेवली आणि माझ्या हातात दिली. मग अंधारात बसून राहिले. दिवा लावू का विचारलं तर नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे आले, ते तुम्ही बघितलंच.

तुमच्या सांगण्याप्रमाणे बारा तारखेला गोधडी घेऊन पुन्हा त्यांच्याकडे गेले. तुम्ही लिहिलंत तसंच सांगितलं. चूक झाली, महाडच्या काकांची वेगळी होती, ही तुमच्या भरतचीच. खोटं बोलताना मी शपथ पण घेतली. वाडीत शिमग्याची धामधूम होती, मुंबईचे लोक येत होते, विनीत पण आला होता. बाबा पडवीत गोणपाट पांघरून बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले,

“आता नको गो. आता तू काय बी सांगितलंस तरी मला कळतंय.”

मी तिथंच रडायला लागले. म्हटलं, बाबा, शिमग्याला भरत आला नसता तर तुम्हाला कळलंच असतं ना, म्हणून मी आधीच सांगितलं. माझं चुकलं काय?

ते मग म्हणाले, “नसता आला तं मी म्हनलो असतो, पुढल्या शिमग्याला येल. शिमगा काय, दरसाल येतो. एकदा खोटं बोललीस ना माझ्यासाठी? मग तसंच ठेवायचं व्हतं गो. महिनाभर माझा पोरगा व्हता मला.”

त्यांनी गोधडीला हात लावला नाही. परवा आवडीबाईंनी जेवायला बोलावलं, आले नाहीत. फाट्यावर पण उतरत नाहीत.

मी दुकान बंद केलंय. विनीत म्हणाला, एका रिटर्नचं एवढं काय मनावर घेतेस, होतं असं धंद्यात.

गोधडी माझ्या घरी आहे. ती अंगावर घ्यायचा मला हक्क नाही, आणि विकायची तर नाहीच नाही. नवीन कागदात बांधून ठेवली आहे. वर पत्ता घातलेला नाही. कुणाकडे नेऊ ते कळवा, काका. या वेळी मी स्वतः नेऊन देते.

सारिका